अर्जावरची पहिली सही

नाना,

आपल्या वर्कशॉपच्या आताच्या सुपरवायझरकडून चार्ज काढून घेतला. आज दुपारी तशी ऑर्डर निघाली. मला हे आधी सांगितलं ते तिथल्या आताच्या हेड फिटरनं, ज्याला तुम्ही रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं कानस धरायला शिकवत होता. वरच्या ऑफिसातल्या एका बाईंनी फोनवर "हो, सही झालीय" एवढं म्हणून त्याला दुजोरा दिला. एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी द्यायची नाही ही सवय इतकी जुनी झालीय, की घरात दूध नासलं तरी मी दोघांना विचारते.

बातमी सहाच्या आत पाठवली. फिटर, टर्नर, वेल्डर अशा कारागिरांची तक्रार, की आमच्या डोक्यावर नेमलेल्या माणसाला आमच्या कामातलं काही कळत नाही, काही महिन्यांपासूनचे अर्ज, आजची ऑर्डर, मंगळवारची चौकशी. सगळं दिलेल्या जागेत बसलं. लॅपटॉप मिटला आणि मग लक्षात आलं, की ही गोष्ट मी दुसऱ्यांदा लिहिली आहे. पहिल्या वेळी तो अर्ज होता आणि त्यात तुम्ही होता.

वारूळवाडीच्या पुढं, कालव्याला लागून असलेली ती लांब पत्र्याची शेड अजून तशीच आहे. जुन्नर-आंबेगावच्या कालव्यांवरची गेटं, ती उचलायचे स्क्रू, गिअरच्या पेट्या, सगळं अजूनही तिथंच दुरुस्तीला येतं. तुम्ही मढच्या वरच्या अंगाचे. घरी भाताची खाचरं, चढावर नाचणी. सातवी झाल्यावर धरणाच्या कामावर खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागलात आणि तिथल्या एका मिस्त्रीनं हातात कानस दिली, एवढंच तुमचं शिक्षण. पण मी एकदा तुमचा डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही एका फिरत्या पेटीला लाकडी काठीचं एक टोक लावून दुसरं कानाला लावलेलं आठवतं. डोळे मिटलेले. भोवती पुण्याच्या आयटीआयमधून शिकून आलेले तिघं उभे. तुम्ही काठी काढता आणि म्हणता, "डावीकडचं बेरिंग. तिसरा छर्रा." पेटी खोलतात. मी डबा हातात धरून उभी आहे, कारण तो मागायचं कुणाच्या लक्षात नाही. तिसराच होता की चौथा ते मला माहीत नाही, छर्ऱ्यांना काही नंबर नसतात. पण बेरिंग डावंच होतं आणि एका छर्ऱ्याचा टवका उडालेला होता.

घरात तुमचं आणि आईचं भांडण व्हायचं ते राखेवरून. बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या वस्तूला चीर गेली, की ती आधी कोळशावर तापवायची, मग वेल्डिंग करायचं आणि लगेच गरम राखेच्या पिंपात पुरून ठेवायची. ती हळूहळू, एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस घेऊन गार झाली पाहिजे. घाई झाली तर तडकते. त्यासाठी तुम्हाला राख लागायची, तीही बाभळीची, चाळलेली, खडा नसलेली. आई भांडी घासायला ठेवलेली राख तुम्ही गोणीत भरून सायकलला लावायचात. आई शेजारणींना ऐकू जाईल अशी म्हणायची, "लोकांची माणसं सरकारी नोकरीतनं घरी काय काय आणत्यात. आमचं माणूस घरातली राख सरकारला नेऊन देतंय." तुम्ही हसायचात आणि गोणीचं तोंड बांधायचात.

मग तेव्हाचे ते सुपरवायझर आले. माणूस वाईट नव्हता, हे तुम्ही तेव्हाही म्हणायचात. आयुष्य हजेरीच्या रजिस्टरात गेलेलं. कुणाच्या तरी शब्दावर वर्कशॉपचा चार्ज मिळाला. तासातासाला येऊन "किती झालं, राव?" विचारायचे, कारण कामाबद्दल त्यांना विचारता येण्यासारखं तेवढंच होतं. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनी सगळी शेड रंगवून घेतली. भिंती, खांब, वस्तू पकडायचे वाइस, आणि त्याच हातानं सरफेस प्लेटसुद्धा. ती जाड, आरशासारखी सपाट प्लेट, जिच्यावर निळी लावून तुम्ही लोक दुसऱ्या वस्तूचा सपाटपणा तपासायचात. तिच्यावर करड्या ऑइलपेंटचे दोन हात बसले. वेल्डरकाका, तुमचे जोडीदार, सकाळी ती बघून कमरेवर हात ठेवून म्हणाले म्हणे, "आता फूटपट्टीला पण चुना मारा, म्हंजी एकसारखं दिसंल." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही रॉकेलचा डबा आणि सुती चिंध्या घेऊन बसलात आणि तीन दिवस, आपलं काम सांभाळून, तो रंग काढत राहिलात. प्लेटवर एक ओरखडा उठू दिला नाहीत. सुपरवायझर विचारायला आले तेव्हा एवढंच म्हणालात, "साहेब, खरं-खोटं आमी हिच्यावर बघतो. हिलाच रंग दिला तर आमी बघायचं कुठं?"

आणि मग ती गिअरची पेटी. उन्हाळ्याचं पाणी सुटायला तीन दिवस होते आणि लोणीकडं जाणाऱ्या फाट्यावरच्या गेटाची बिडाची पेटी चिरली होती. ती बसल्याशिवाय गेट उचलत नव्हतं, आणि गेट उचलल्याशिवाय शेवटच्या गावांना पाणी नव्हतं. वेल्डरकाकांनी आणि तुम्ही ती दिवसभर कोळशावर तापवून जोडली, संध्याकाळी राखेत पुरली. पिंपावर तुम्ही खडूनं लिहिलंत, उद्या दुपारपर्यंत हात लावू नये. सकाळी तुम्ही दोघं फाट्यावर मापं घ्यायला गेलात. नऊ वाजता वरून फोन आला, पेटी झाली का? सुपरवायझरनी पिंप उघडायला लावलं. पेटी गरम होती. त्यांनी खलाशाला बादल्या आणायला सांगितल्या.

तुम्ही परत आलात तेव्हा ती जमिनीवर दोन तुकड्यांत पडली होती. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. तालुक्याच्या साप्ताहिकात मी नुकतीच लागले होते आणि पाणी कधी सुटणार ते विचारायला त्याच वेळी तिथं पोचले होते. दारात लोणीचे दोन शेतकरी टोप्या मांडीवर ठेवून बसलेले. त्यातला एक तुम्हाला म्हणाला, "पावणं, आज व्हईल ना?" तुम्ही थेट आत गेलात, तुकडा उचललात, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवलात.

"पाणी कुणी वतलं?"

"मी सांगितलं," सुपरवायझर म्हणाले. तो माणूस लपला नाही, हेही इथं लिहून ठेवते. "लोखंड गार करायला पाणीच घालतात ना, नाना? आमच्या गावचा लोहार तर घालतो."

"लोहाराचं लोखंड येगळं, साहेब. ह्ये बीड हाय. ह्याला घाई सोसत न्हाई."

एवढंच. मग बाहेर येऊन तुम्ही त्या दोघांजवळ खाली बसलात आणि म्हणालात, "आज न्हाई. चार दिवस द्या." पोलादी पट्ट्या कापून, तुकड्यांना दोन्ही बाजूंनी बोल्ट मारून तुम्ही ती पेटी उभी केलीत. पाणी दोन दिवस उशिरा सुटलं. लोणीला पोचलं तेव्हा तुम्ही गेटावर उभे होता, घरी नाही आलात.

इथवर सगळं पोटात घातलं गेलं असतं. पण पुढच्या आठवड्यात वेल्डरकाकांना मेमो आला. पेटी सदोष वेल्डिंगमुळे तुटली, असा रिपोर्ट वर गेला होता. शेडमध्ये खरं बोललेला माणूस कागदावर नाही बोलू शकला. मेमो कायम झाला असता तर काकांना कामावरून कमी केलं असतं. तीन लेकरं आणि नोकरीला अजून बारा वर्षं. रविवारी दुपारी सगळे आपल्या स्वयंपाकघरात जमले, कारण बाहेरच्या खोलीत मावत नव्हते. आई चहा करत होती. मी चुलीजवळ पाटावर कागद घेऊन बसले होते. आता अर्ज लिहायचा होता आणि लिहिणारी घरातच होती.

"ताई, कडक लिवा," काका म्हणाले. "वाचताना त्यांच्या तोंडाला फेस आला पायजे."

मी लिहिलं होतं, 'अशा अडाणी माणसाच्या हाताखाली'. तुम्ही ऐकलंत आणि कप खाली ठेवलात. सगळ्यांदेखत मला बोललात, आयुष्यात दोन-तीनदाच तसं बोलला असाल. "अडाणी काढ. मी बी अडाणीच हाय. त्याला काय येत न्हाई तेवढं लिही. प्लेटला रंग दिला, लिही. पाणी वतलं, लिही. शिवी दिली की कागद हलका व्हतो." मी तो शब्द खोडला. आजवर मी जे काही बरं लिहिलं असेल ते त्या खोडलेल्या शब्दामुळं, असं मी नव्या वार्ताहरांना सांगते. कुणी सांगितलं ते सांगत नाही.

अर्ज झाला. तारखेवार घटना, मेमो मागे घेण्याची विनंती आणि शेवटी मागणी: यापुढे वर्कशॉपचा चार्ज आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्या कारागिराकडेच द्यावा. मी मोठ्यानं वाचलं. काका म्हणाले, "आता कसं!" दोघा-तिघांनी माना डोलवल्या. लेथवरच्या टर्नरनं तेवढी डोलवली नाही. तो सगळ्यांत जास्त शिकलेला आणि वयानं लहान. त्यानं तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळू म्हणाला, "नाना, ही शेवटची ओळ काढू या."

"का?"

"तुमी सिनिअर. पुढच्या वर्षी चार्ज तुमच्याकडंच यायचा. ह्या ओळीनं तुमीच बाहेर."

आईनं चहा गाळायचा थांबवला. त्या खोलीत प्रमाणपत्र नसलेला कारागीर एकच होता, आणि बाकीच्यांनी जे शिकायचं ते त्याच्याकडून शिकलं होतं. काका म्हणाले, "माझ्या मेमोपायी नानाचं नुसकान नको. ताई, खोडा ती ओळ." मी पेन उचललं.

"थांब," तुम्ही म्हणालात. "ओळ खरी हाय का खोटी?"

टर्नरनं "खरी" म्हणून मान डोलावली.

"मंग ऱ्हाऊ द्या. वरचा साहेब इचारणार, तुमाला पायजे कसा माणूस? कामातला, म्हणलं तर त्यो म्हणंल, हा बी कामातलाच हाय. त्याला हातात धरायला कायतरी लागतं. माझ्यासारखा एखादा असतो, पण त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं तर त्यातनं कोण कोण येतं ते बघितलं की आपण." आणि काकांकडं वळून, "आन् तुझा मेमो जायचा तर अर्ज घट्ट पायजे. भोक असलेल्या पिंपात राख ऱ्हात न्हाई."

तुम्ही माझ्या हातातून पेन घेतलंत. पहिली सही तुमची. ती करायला तुम्हाला नेहमी वेळ लागायचा, एकेक अक्षर उभं करून तुम्ही पुढं जायचात. त्या दिवशी घाई नव्हती कुणाला. खोलीतले सगळे वाट बघत उभे होते.

मेमो मागे घेतला गेला. सुपरवायझरांची बदली पुन्हा हजेरीच्या खात्यात झाली. पुढच्या वर्षी चार्ज टर्नरकडं गेला, अर्जात मागितला होता तसाच, आणि तुम्ही रिटायर होईपर्यंत त्याच्या हाताखाली काम केलंत. पहिल्या दिवसापासून त्याला साहेब म्हणालात. तो बिचारा घरी येऊन आईला सांगायचा, "काकी, नानांना सांगा ना, मला लाज वाटती." तुम्ही आतून म्हणायचात, "मी खुर्चीला म्हणतो. तू बस की गप." त्यानं चुकीचं काही सांगितलं तर सगळ्यांसमोर कधी टोकलं नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्याला कालव्याच्या कडेला चालायला न्यायचात; तो परत यायचा आणि आपणहून ऑर्डर बदलायचा. हे मला त्यानंच सांगितलं, तुम्ही गेल्यावर.

आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, म्हणून इथं लिहिते. बदली झाल्यावर ते जुने सुपरवायझर शेवटच्या दिवशी तुमच्याकडं आले होते. बाकी कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. म्हणाले, "नाना, जाता जाता एक सांगा. बीड कुठलं आन् साधं लोखंड कुठलं, हे ओळखायचं कसं?" तुम्ही त्यांना ग्राइंडरपाशी नेलंत, चष्मा घालायला दिलात आणि आधी साध्या लोखंडाचा तुकडा चाकाला लावलात. लांब, पांढऱ्या ठिणग्या उडाल्या. मग बिडाचा. आखूड, तांबूस, लगेच विझणाऱ्या. मग तुकडे त्यांच्या हातात दिलेत आणि म्हणालात, "आता तुमी लावा." त्यांनी लावले, पाच-सहा वेळा. वेल्डरकाका लांबून बघत होते. मला त्यांनीच हे सांगितलं, आणि सांगताना अजूनही थोडे चिडलेले होते. "माझ्या नोकरीवर उठलेल्या माणसाला तुझा बाप ठिणग्या दाखवत बसला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण राव, त्याचं तोंड बघायसारखं व्हतं."

मी तुमच्यासारखी झाले नाही, नाना. मला माणसांचा राग येतो आणि तो टिकतो. पण एवढं जमवते, की बातमी लिहिताना त्याला काय येत नाही तेवढंच लिहिते.

आता आजचं. हेड फिटरनं फोनवर त्यांचा नवा अर्ज मला वाचून दाखवला. शेवटची मागणी ऐकताना मी खुर्चीत सरळ बसले. शब्दाला शब्द तीच ओळ. मी विचारलं, हे कुणी लिहिलं? तो म्हणाला, "जुन्या फायलीत एक अर्ज सापडला, ताई. सह्यांचं पान गळालंय. लई भारी लिवलाय कुणीतरी. तसाच उचलला." मी पुढं विचारलं, तुमच्यात प्रमाणपत्र नसलेलं कुणी आहे का? तो म्हणाला, "एक हाय. वेल्डर. तुमच्याच मढकडचा. आमच्यात त्याच्यासारखा हात कुणाचा न्हाई." त्यांनी सही केली? "अजून न्हाई. मंगळवारपर्यंत इचार करतो म्हणला."

मंगळवारी अकरा वाजता चौकशीला अधिकारी येणार आहेत. कारागिरांना एकेक करून आत बोलावतील आणि त्याआधी अर्ज सगळ्यांच्या सह्यांनिशी त्यांच्या टेबलावर लागेल. चार्ज कुणाकडं द्यायचा ते त्यानंतर ठरेल. मी दहालाच पोचणार आहे. हेड फिटरला बाजूला घेऊन सांगणार आहे, की त्या ओळीत एवढं घाला: 'किंवा कामाची परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या'. दार उघडं राहत नाही आणि हात असलेला माणूस बाहेरही पडत नाही. साहेबाला हातात धरायलाही काहीतरी मिळतं. तो ऐकेल की नाही, माहीत नाही. मढचे ते वेल्डर सही आधी करतील की नंतर, की करणारच नाहीत, तेही माहीत नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. आईला, टर्नरला, काकांना, सगळ्यांना मी इतकी वर्षं सांगत आले, की तेव्हा मी नवखी होते, कामाच्या परीक्षेचे ते शब्द मला सुचलेच नाहीत. सुचले होते, नाना. पाटावर बसून लिहिताना, तुमच्याकडं बघून, नेमके हेच सुचले होते. वाक्य लांबत होतं म्हणून मी ते गाळले.